सरांच्या शेजारची जागा

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आजपासून सोलापूरच्या नवोदय फुटबॉल क्लबात उमेदवारी सुरू झाली. पुढे कधी कोच झालोच, तर सुरुवात कशी झाली ते लिहून ठेवलेलं असावं म्हणून ही डायरी.

पण सुरुवातच खोट्यानं झाली. क्लबानं मला नोकरीवर घेतलंय असं मी आण्णांना सांगितलं. नोकरी नाही, नुसती उमेदवारी आहे. यंदाची शील्ड जिंकली तर इथली एक गिरणी आमचा अख्खा संघ आपल्याकडे घेणार, पोरांना खात्यात कामं देणार आणि कोचच्या मदतनिसाला पगार. तोवर सकाळच्या शिकवण्यांवर माझं मी भागवायचं. माढ्याच्या सोसायटीत आण्णांनी माझ्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती. बी.ए. झालेला मुलगा खुर्चीवर बसलेला त्यांना बघायचा होता. मी निघालो तेव्हा त्यांनी स्वतः माझी पेटी एस.टी.च्या टपावर चढवली आणि कंडक्टरला म्हणाले, "पोरगं नोकरीला निघालंय. नीट न्हे बाबा." मी खिडकीतून दुसरीकडे बघत बसलो.

कॉलेजच्या संघात मी कायम राखीव. पाय चालत नाहीत, पण खेळ कळतो, असं मला वाटतं. सरांनाही तसंच वाटलेलं दिसतंय.

सर म्हणजे रुद्रप्पा सर. अक्कलकोटकडचे, घरात कानडी. एके काळी रेल्वेच्या संघातून खेळलेले. आता पन्नाशीचे असतील. उन्हात, सावलीत, सदा काळा चष्मा. मी चपला काढून पाया पडलो तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. फक्कीनं रेघा आखायच्या, चेंडूत हवा भरायची, हे सगळं करशीलच. पण तुझं खरं काम वेगळं आहे. माझ्या शेजारी उभं राहायचं आणि दिसेल ते बोलत राहायचं. थांबायचं नाही."

असं शिकवणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता.

१८ नोव्हेंबर, रविवार

सरांची पद्धत कळायला लागली आहे. पोरं मैदानात खेळतात आणि सर मला विचारत राहतात. "चेंडू कुणाकडे?" "ज्ञानूकडे." "ज्ञानूचं तोंड कुणीकडे?" "आपल्या गोलाकडे, सर." "मग पाठीमागं कोण आलंय ते त्याला कसं कळणार?" आणि लगेच मोठ्यानं ओरडतात, "ज्ञानू, आधी मान वळव बे, मग चेंडू घे!"

प्रत्येक वेळी अचूक. ते स्वतः बघतातच, वर माझी परीक्षाही घेतात. गोलात आमचा गुरप्पा असतो; आधी मी 'गुरप्पानं अडवला' एवढंच म्हणायचो. आता कुठल्या हातानं, पुढे येऊन की जागेवरून, तेही सांगतो. माझी नजर तयार होते आहे.

ज्ञानू आमचा डाव्या बाजूचा खेळाडू. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा, इथे मागावर कामाला आहे. पळायला लागला की बाकीचे उभे असल्यासारखे वाटतात. सरांवर त्याचा फार जीव. सरांना मैदानाबाहेर जायचं असलं की तो आपण होऊन जवळ येतो आणि सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. आज वाटेतल्या निशाणाच्या काठीला सरांची मांडी आपटली. "कोण काठ्या पुरतं रे वाटेत?" म्हणून माझ्यावर ओरडले. काठी रोजच्याच जागी होती. माझीच चूक असेल.

संध्याकाळी सरांच्या घरी जेवलो. त्यांना मूलबाळ नाही. अंबुबाई काकूंनी भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढलं. ताट कुठं, पाणी कुठं, सगळं त्या सरांचा हात धरून दाखवतात. या वयातही एवढं प्रेम! नको नको म्हणत मी तीन भाकरी खाल्ल्या. फुकटचं खातोय असं वाटतं, तरी खातो.

२ डिसेंबर, रविवार

पहिली मॅच जिंकलो. दुसऱ्या हाफला त्यांचा उजवा बॅक लंगडायला लागला होता. ते मी सरांना सांगितलं आणि सरांनी सगळा खेळ ज्ञानूच्या बाजूला वळवला. दोन्ही गोल तिथूनच झाले.

मॅचनंतर सेक्रेटरी मानसिंगरावांनी मला नव्या पेठेतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात बोलावलं. गादीवर बसवून चहा मागवला. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासाठी चहा मागवायची ही पहिलीच वेळ. "सरांचं कसं काय चाललंय?" म्हणाले.

मी म्हटलं, "सर फार मोठे आहेत. सगळं मलाच विचारतात."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे चेंडू कुणाकडे आहे, कोण कुठे उभा आहे, कोण दमलाय. आजचा बॅक लंगडतोय हे मीच सांगितलं. खेळाडूंची नावंसुद्धा पंचांना मीच वाचून दाखवतो."

मानसिंगराव कापड मोजत होते. गज हातात तसाच राहिला. "असं होय," म्हणाले, आणि पोऱ्याला आणखी एक चहा सांगितला. मग म्हणाले, पतियाळाला कोच तयार करायचं शिक्षण असतं, क्लबाची शिफारस लागते, तुझ्यासारखा हुशार मुलगा जायला हवा. मी घरापर्यंत तरंगत आलो.

सरांना मात्र सांगितलं नाही, की मी दुकानात गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कुठं होतास?" मी म्हटलं, "खोलीवर." हे खोटं का बोललो ते माझं मलाच कळेना. दुकानात मी काही वाईट बोललो नव्हतो. सरांचं कौतुकच केलं होतं.

२० डिसेंबर, गुरुवार

सकाळी चेंडूचं ब्लॅडर आणायला सरांच्या घरी गेलो. काकू भाजीला गेल्या होत्या. दार उघडंच होतं. मागच्या मोरीत सर तोंड धूत होते. चष्मा काढून कोनाड्यात ठेवलेला. ते माझ्याकडे वळले.

दोन्ही बुबुळांवर दूध सांडल्यासारखं पांढरं.

मी समोर, चार हातांवर उभा होतो. सरांचा हात हवेत टॉवेल शोधत होता. टॉवेल माझ्याच शेजारी दोरीवर होता. मी काढून दिला नाही. का, ते सांगता येत नाही.  सरांना चाहूल लागली. "कोण आहे?" म्हणाले. मी गप्प. "कोण आहे बे?" तेव्हा त्यांच्या आवाजात भीती होती. मग मी म्हटलं, "मी, सर."

त्यांनी चष्मा चाचपून डोळ्यांवर घातला आणि तिथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडं. उजेड कळतो, माणूस हलला तर कळतो. चेहरे दोन वर्षं झाली दिसत नाहीत."

मी ऑपरेशनचं विचारलं. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा एका शिबिरात गेला होता, तेव्हापासून धीर होत नाही. शिवाय ऑपरेशन म्हणजे महिना-दीड महिना मैदान बंद. तेवढ्यात जागेवर दुसरा कोणी बसवला तर? "शील्ड होऊ दे. पोरं कामाला लागू देत. मग मिरजेला जातो. तोवर तू गप्प राहा, तम्मा. ज्ञानूला ठाऊक आहे, अंबूला ठाऊक आहे, आता तुला. चौथ्याला कळलं तर मी संपलो."

सर मला तम्मा म्हणतात. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी देवाशपथ कबूल केलं.

रस्त्यावर आलो आणि मग नव्या पेठेतला तो चहा आठवला. ती परीक्षा नव्हती, शिकवणं नव्हतं. मी त्यांचे डोळे होतो, आणि त्या डोळ्यांनी दुकानात जाऊन सगळं सांगून टाकलं होतं.

२१ डिसेंबर, शुक्रवार

आज सांगायला गेलो. सांगितलं नाही. काकूंनी गरम धपाटं हातावर ठेवलं.

२३ डिसेंबर, रविवार

मानसिंगराव दुकानातलं विसरले असतील. कापडवाल्या माणसाच्या डोक्यात हजार गोष्टी असतात. त्यांना संशय आला असता तर एव्हाना बोलले असते. असं दिवसभर स्वतःला समजावलं. मॅचमध्ये मी भीतीनं इतकं भरभर बोलत होतो, की सर म्हणाले, "हळू. मला पळवू नकोस."

दुसरी मॅच जिंकलो.

१४ जानेवारी १९७४, सोमवार

ज्ञानू आणि मी गड्ड्यावर गेलो होतो. जत्रेत ही गर्दी. ज्ञानू पाळण्यात बसायला रांगेत उभा होता तेवढ्यात मानसिंगराव बायकामुलांसह समोरून आले. मला बाजूला घेतलं आणि हसत म्हणाले, "काय म्हणतायत तुमचे आंधळे सर?"

मला हसू आलं. खरंच आलं. मोठा माणूस विनोद करतो तेव्हा येतं तसं. ते लगेच थांबवता आलं असतं, पण मी ते पुरतं हसलो.

मग ते म्हणाले, "माझ्या काही मनात नाही रे. माणूस चांगला आहे. पण गिरणीचे साहेब सत्तावीस तारखेला सराव बघायला येणार. आंधळ्याच्या हातात संघ देऊन आपण त्यांना फसवायचं का? तूच सांग." मी पाळण्याकडे बघितलं. "मी बघतो काय करायचं ते. तू फक्त मध्ये पडू नकोस. पतियाळाचं माझ्या ध्यानात आहे."

ज्ञानू पाळण्यातून उतरला, त्यानं शेव-चिवडा घेतला, अर्धा मला दिला. "शेक्रेट्री काय म्हनत हुता?" मी म्हटलं, "काही नाही, जत्रा कशी आहे विचारत होता."

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदनानंतर सर म्हणाले, उद्या साहेब येणार, माझ्या अगदी जवळ उभा राहा, हळू आवाजात बोल. मी होय म्हटलं. आज सांगितलं असतं तर ते आजारी म्हणून घरी राहू शकले असते. एवढं एक वाक्य होतं. 'सर, उद्या येऊ नका.' दिवसभर ते माझ्या तोंडात होतं.

२७ जानेवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो. सजवून लिहायचं नाही.

साहेब आले. खुर्च्या मांडल्या. पोरं झकास खेळली. मी सरांच्या कानाशी बोलत होतो, सर ओरडून सांगत होते, साहेब माना डोलावत होते. मला वाटलं, निभावलं. मग मानसिंगराव उठून आमच्याकडे आले. पोरांना गोळा केलं. म्हणाले, "साहेबांना आमच्या सरांचा जुना खेळ बघायचाय. सर, एक चेंडू छातीवर घेऊन दाखवा."

सर म्हणाले, "आता गुडघे कुठं राहिले, साहेब." सगळे हसले. मानसिंगराव म्हणाले, "गुडघे कशाला लागतात? नुसता चेंडू घ्या." आणि माझ्याकडे बघितलं. तोंडानं काही बोलले नाहीत. चेंडू माझ्या काखेत होता. डोळ्यांनी मला खूण केली, जा, तिकडून टाक.

मी सरांच्या शेजारून हललो. आठ-दहा पावलांवर समोर जाऊन उभा राहिलो. सर हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते, थोडे चुकीच्या दिशेला बघत. ज्ञानू लांब, पाणी पीत होता. 'सर, आला' एवढं मी म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. आवाजावरून त्यांनी छाती पुढे केली असती. ते करू शकतात हे मला ठाऊक होतं.

मी न बोलता चेंडू टाकला. जोरात नाही टाकला. हळूच टाकला, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतोय.

चेंडू तोंडावर बसला. चष्मा उडाला. सर गुडघ्यांवर बसले आणि मातीत हात फिरवून चष्मा शोधू लागले. चष्मा डावीकडे पडला होता, ते उजवीकडे शोधत होते. मग त्यांनी मान वर केली आणि ते पांढरे डोळे सगळ्यांना दिसले. गुरप्पा सवयीनं हसला आणि मध्येच थांबला.

"कुणी टाकला?" सर म्हणाले.

कोणी बोललं नाही. मीही नाही.

ज्ञानू पळत आला. चष्मा उचलून सदऱ्यानं पुसला, सरांना घालून दिला, हाताला धरून उठवलं. नाकातून रक्त येत होतं. दोघं फाटकाकडे गेले. मानसिंगराव साहेबांना म्हणाले, "बघा, आम्हालासुद्धा अंधारात ठेवलं होतं."

२८ जानेवारी, सोमवार

ज्ञानूच्या कारखान्यावर गेलो. तो बाहेर आला, अंगावर सगळा कापूस. मी म्हटलं, "ज्ञानू, मला वाटलं नव्हतं असं लागेल."

तो म्हणाला, "सरास्नी दिसत नव्हतं. तुमास्नी तर दिसत हुतं की."

आणि आत गेला. क्लबात परत येणार नाही असा निरोप त्यानं गुरप्पाजवळ पाठवला आहे.

३ फेब्रुवारी, रविवार

संघ माझ्याकडे दिला. मदतनीस नाही, कोच. पगार पुढच्या महिन्यापासून गिरणीकडून; शील्डची वाट न बघताच साहेबांनी कबूल केलाय. मानसिंगरावांनी हार घातला. मी नको म्हणालो नाही. रात्रभर विचार करून नको म्हणायलाच गेलो होतो, पण त्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून 'होय' आलं. आता आण्णांना मी सांगितलं होतं ते खरं झालं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आण्णा आले. न कळवता. धोतर, नवा फेटा, खांद्यावर हुरड्याचं गाठोडं. मैदानावर मला शिट्टी वाजवताना बघितलं आणि फाटकाशीच उभे राहिले. सराव संपल्यावर पोरं मला 'सर, सर' करत होती. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई बेस केलंस बाबा. मला वाटलं हुतं, चेंडूच्या नादानं वाया गेलास."

मग म्हणाले, "तुला ज्यानं शिकिवलं त्ये मास्तर कुटं असत्यात? हुरडा त्यांच्यासाठी आनलाय. चल, पाया पडून येऊ."

मी म्हटलं, "ते गावाला गेलेत, आण्णा."

"कवा येनार?"

"ठाऊक नाही."

"मग घरात मानूस असंल की. त्येंच्याकडं देऊ."

"घराला कुलूप आहे."

सरांचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. आण्णांना एस.टी.वर सोडायला मी लांबच्या रस्त्यानं गेलो. गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाले, "आल्यावर आठवनीनं दे. म्हनावं, आमच्या पोराचं कल्यान केलंत."

हुरडा खोलीत आहे. नेऊन देववत नाही, खाववत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

फायनल हरलो. शील्ड गेली.

दुसऱ्या हाफला त्यांनी खेळ बदलला. कोण कुठे सरकला, आमच्या कुठल्या पोराचा दम गेला, कुठे जागा मोकळी पडली, मला सगळं दिसत होतं. सरांनी तयार केलेली नजर आहे. पण त्यावर काय करायचं ते सुचेना. सवयीनं मी पुटपुटत होतो, 'चेंडू त्यांच्या डाव्या बॅककडे, तोंड आत, पुढे जागा,' आणि पुढचं कोणीतरी सांगेल म्हणून थांबत होतो. शेवटच्या पाच मिनिटांत गुरप्पा माझ्याकडे बघून ओरडला, "सर, काय करू?" मी नुसता हात हलवला. कशासाठी हलवला ते मलाही ठाऊक नाही.

मानसिंगराव म्हणाले, "होतं असं. गिरणीचा शब्द कायम आहे. पुढच्या वर्षी बघू." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी गेलो. दारात काकू होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मला पळून जावंसं वाटलं. "इतके दिवस कुठं होतास रे? सगळ्यांनी पाठ फिरवली, तूसुद्धा?" सर आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. नाकावर अजून खूण आहे.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मिरजेचं ठरलंय. आता भ्यायला राहिलंच काय, म्हणाले. माझा भाऊ येणार होता, त्याची बैलं आजारी पडली. मी एकटी कशी सांभाळू? तू येशील? तू आमच्या पोरासारखा."

सरांनी कूस बदलली नाही. येऊ नको म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत.

मी येतो म्हटलं. मानसिंगरावांना मामा आजारी आहेत असं सांगून रजा घेतली. ज्यांच्यासाठी जातोय त्यांचं नावही मी त्या माणसासमोर घेऊ शकलो नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार, मिरज

ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा. डाव्याचं नंतर बघणार. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. काकू रात्री, मी दिवसा. मी चमच्यानं पेज भरवतो. सर तोंड उघडतात. बोलत काही नाहीत. माझ्या हातून खाताना त्यांना काय वाटत असेल कोण जाणे. की त्यांना काहीच ठाऊक नाही आणि मीच उगीच?

२३ फेब्रुवारी, शनिवार, मिरज

डॉक्टर म्हणाले, आता थोडं बोललं तर चालेल. काकू कपडे धुवायला गेल्या होत्या. पट्टी निघाल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघून मला सांगता येणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून आजच सांगितलं. यातही माझा भित्रेपणाच.

म्हटलं, "सर, त्या दिवशी चेंडू मी टाकला."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "माझ्या शेजारून हललास तेव्हाच कळलं."

 तेच म्हणाले, "सेक्रेटरीनं सांगितल्यावर तू काय करणार? उमेदवार माणूस. मी अंबूलासुद्धा सांगितलं नाही. पोरगं घाबरलं असेल म्हटलं."

इथे थांबलो असतो तर सुटलो असतो. त्यांनी मला माफच केलं होतं. पण मग नव्या पेठेतलंही सांगितलं. चहा, माझी फुशारकी, मानसिंगरावांचा हातात राहिलेला गज. मी शपथ घेतली तेव्हा आधीच सांगून बसलो होतो आणि त्यानंतर महिनाभर तुमच्या घरी जेवत राहिलो, हेही. गड्ड्यावर हसलो ते पण.

 पट्ट्यांमुळे त्यांच्या चेहऱ्यावरचं काही कळेना.

"चेंडूचं ठाऊक होतं," शेवटी म्हणाले. "हे ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, "मी जागा सोडतो, सर. मानसिंगरावांना उद्याच कळवतो."

"का?"

"तुमची जागा आहे ती."

"तू सोडलीस म्हणजे मला देणार आहेत का ते? मला बरं वाटावं म्हणून सोडतोस, की तुला?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. "अंबूला पाठव. मला पेज ती देईल."

काकू आल्या. त्यांना काही कळलं नाही. म्हणाल्या, "रागवलेत का रे तुझ्यावर? आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नको."

२६ फेब्रुवारी, मंगळवार, मिरज

दोन दिवस बाहेरच्या बाकावर काढले. आज पट्टी काढायची होती. मी आत गेलो नव्हतो. काकूच ओढून घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा धुतला आणि जाड काचेचा चष्मा सरांच्या नाकावर धरला. सरांनी आधी खिडकीकडे बघितलं. मग काकूंकडे. त्यांचे केस पांढरे झालेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असणार. हात पुढे करून केसांना लावला. काकू पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या.

मग सर माझ्याकडे वळले. त्या काचेमागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. मला मान खाली घालायची होती, पण ते बघत होते म्हणून घातली नाही. बघू दिलं.

"तू जोतीराम?"

"होय, सर."

ते कितीतरी वेळ बघत राहिले. ओठांवर मिसरूड, अंगात मापाला मोठा सदरा, जागून सुजलेलं तोंड, जे काय होतं ते.

"आवाजावरनं," म्हणाले, "तू मला मोठा वाटला होतास."

हे त्यांनी कसं म्हटलं ते मी सकाळपासून आठवून बघतोय. कधी वाटतं, पोर आहेस, असं म्हणाले. कधी वाटतं, नेमकं उलटं म्हणाले. काकू हसल्या, त्यांना पहिलंच वाटलं असावं.

डॉक्टर गेल्यावर सरांनी विचारलं, "डावीकडं ज्ञानूच्या जागी कोण खेळतो?"

"कोणाला जमत नाही, सर."

"ज्ञानूला परत आण. पाया पडावं लागलं तर पड. तुझ्याशी बोलायचं की नाही ते त्याचं तो बघेल, पण त्याचा खेळ बंद पडता कामा नये." मग चष्मा काढून काकूंच्या हातात दिला आणि डोळे मिटले. "आता तू जा. घरी येऊ नकोस. मला वाटेल तेव्हा मीच बोलावीन."

मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

मिरजेच्या स्टँडवर बसून हे लिहितोय. सोलापूरची गाडी लागायची आहे. आधी ज्ञानूकडे जायचं. नंतर नव्या पेठेत, मानसिंगरावांकडे. मामा आजारी नव्हते, मी रुद्रप्पा सरांना घेऊन मिरजेला गेलो होतो, हे दुकानात गिऱ्हाइकं असतानाच सांगायचं. त्यावर त्यांनी मला काढलं तर काढलं. नाही काढलं, तर परवा संध्याकाळी पोरं मैदानात येतील आणि त्यांना काय करायचं ते मला सांगावं लागेल.

मग माढ्याला, आण्णांकडे. त्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं, ते अजून ठरत नाही.